पेंटरकाकांच्या तीन सह्या

माझे थोरले काका पाट्या रंगवतात. बाजारात ते पेंटर, घरात पेंटरकाका. दवाखाना, शिकवणी, केस कापायचं दुकान, ‘इथे गाडी लावू नये’... आमच्या भागात वाचण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्मं त्यांच्या हातचं. छापील फ्लेक्स आले तेव्हा लोक म्हणाले, पेंटर संपला. काका म्हणाले, “दोन उन्हाळे जाऊ देत. फ्लेक्स पांढरा पडतो, मी पडत नाही.” दोन उन्हाळ्यांनी लोक परत आले.

या माणसाने आयुष्यात एक चूक केली, आणि ती पेंटरच करू जाणे. सही म्हणजे आपल्या नावाची छोटी पाटी, असं त्यांचं मत. मग दर वेळी तीच पाटी कशी लावायची? त्यामुळे ज्या वर्षी जे वळण मनात भरलं, त्या वळणाची सही. बाविसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी, विमा काढला तेव्हा ते सावलीची अक्षरं शिकत होते. म्हणून पॉलिसीवर सावलीची सही, आणि खाली एक बसलेला पक्षी. बँकेत तिरकी, शेपटीवाली. घराच्या कागदांवर गोल गरगरीत, जशी बेकरीची पाटी.

हे उजेडात आलं डॉक्टरांमुळे. हृदयाची झडप बदलायची ठरली, पुढच्या सोमवारी सकाळी. काकांनी घरी येऊन चपलासुद्धा न काढता कपाट उपसलं. पॉलिसी सापडली. तिच्यावर नॉमिनीचं, म्हणजे माणूस गेल्यावर विमा ज्याच्या हाती द्यायचा त्याचं, नाव होतं त्यांच्या आईचं. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली.

“म्हणजे मी गेलो तर पैसे आईला,” काका म्हणाले. “पत्ता काय लिहू तिचा?”

“अहो, तोंडातून असलं काढू नका.” काकूंचा असा हिशेब की संकटाचं नाव घेतलं नाही, तर ते दार चुकून शेजारी जातं.

“अगं, रेडिओवाल्याची बायको आठव.”

काकांच्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. तो अचानक गेला, आणि त्याची बायको दोन वर्षं कागदांची पिशवी घेऊन फिरली. ही खिडकी म्हणे त्या खिडकीचा दाखला आणा, ती म्हणे हिचा आणा.

“पिशवीचे बंद तीनदा तुटले तिच्या,” काका म्हणाले. “तीनदा मी तार बांधून दिली. तुझ्या पिशवीला कोण बांधणार?”

“मी त्या ऑफिसात यायची नाही.”

“पाटी दुकान उघडायच्या आधी रंगवतात गं. बंद पडल्यावर नाही.”

मंगळवारी नॉमिनी बदलायचा फॉर्म भरायला म्हणून मला नेलं. विम्याच्या खिडकीवरच्या बाई प्रत्येक वाक्य ‘तसं नसतं’ने सुरू करतात. त्यांना वेळ विचारली तरी ‘तसं नसतं, सव्वाअकरा’ म्हणतील.

“तसं नसतं, काका. सही जुळायला हवी.”

“माणूस जुळतोय की.”

“तसं नसतं. आमच्याकडे माणूस नोंदवलेला नसतो, सही असते. नाहीतर बँकेकडून सही तपासून शिक्का मारून आणा.”

बँकेतले साहेब तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलतात. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “ही तुमची सही? आणि ही पण तुमचीच?”

“हो. वयानुसार.”

“आमच्याकडची करून दाखवा. तिरकी.”

काकांनी पेन घेतलं आणि खरी अडचण तिथे आली. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. पाटी रंगवताना कळत नाही, कारण तेव्हा डाव्या हातात एक लांब काठी असते, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. तिच्यावर मनगट टेकलं की हात गुमान वागतो. बँकेत काठी नव्हती. शेपटीचं गांडूळ झालं. साहेबांनी कागद दोन बोटांनी परत सरकवला.

“हात दाखवून अवलक्षण,” घरी काकू म्हणाल्या. “आता झोपा जरा. डॉक्टरांनी दगदग सांगितलेली नाही.”

काका झोपले नाहीत. बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस ते काठी टेकवून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सही गिरवत बसले. समोर पॉलिसी. “केवढा माज आहे बघ त्या पक्ष्याच्या चोचीत,” मला म्हणाले. “बावीस वर्षांचा पोरगा होता ना. हा माज परत आणायचा, म्हणजे घाम निघतो.” मधेच दम लागायचा. दोन मिनिटं भिंतीला टेकायचे, पाणी प्यायचे, परत पक्षी.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, “त्याची मान जास्त वर आहे. तुम्ही पाडताय.”

म्हणजे काकू न बघता सगळं बघत होत्या. शुक्रवारी काकांच्या आधी काकूंच्याच पायात चपला होत्या.

ऑफिसच्या दारात वॉचमन आडवा आला. “काठी आत नाही न्यायची.”

“ती चालायची नाही,” काकू म्हणाल्या. “लिहायची आहे.”

वॉचमनला नियमात हे कुठे बसतं ते सापडेपर्यंत आम्ही खिडकीपाशी होतो. काकांनी काठी काउंटरवर आडवी टाकली. गोळ्याचं टोक गुळगुळीत लाकडावरून घसरायला लागलं. काका मान न वळवता म्हणाले, “धर.” शिडीवर चढताना म्हणतात, अगदी तसं. काकूंनी दोन्ही हातांनी टोक दाबून धरलं. मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, “सही चाललीय का घर बांधताय?” काकू म्हणाल्या, “दोन्ही. गप्प उभे राहा.”

अक्षरं उतरली. मग सावली. मग पक्षी, मान वर.

खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. “तसं...” म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचं हे वाक्य पहिल्यांदाच अर्धं राहिलं. शिक्का उचलला, मारला आणि नोंदीचा कागद आतून छापून आणला. नॉमिनीच्या रकान्यात काकूंचं नाव.

“आता हे सगळं बंद करायचा फॉर्म द्या,” काका म्हणाले. “साधी सही नोंदवायची. पुन्हा कुणाला पक्षी काढायला लागू नये.” नवी सही त्यांनी काठीशिवाय केली, मुद्दाम थरथरती. “जो हात आहे, तोच नोंदवा.” त्याच दुपारी बँकेतही काठी टेकवून शेपटी काढली, ती शेवटचीच. तिथेही तीच साधी सही नोंदवली.

रविवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं; सकाळीच त्यांनी कपाटाच्या दाराची आतली बाजू रंगवायला घेतली. पिवळ्यावर निळी अक्षरं, काठ लाल. विम्याचा कागद: वरचा कप्पा, हिरवी फाइल. घराचा कागद: तिथेच, मागे. बँक: कोणाला भेटायचं, काय न्यायचं. काकू एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या आणि वाचलेला कागद खरंच तिथे आहे का, हात घालून बघत गेल्या. एक फाइल चुकीच्या कप्प्यात निघाली. ती त्यांनी हलवली, पाटी नाही.

शेवटची ओळ रिकामी होती.

“ही कशाला सोडलीत?”

“तुझ्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून नाव कुणाचं आहे?”

काकू आत गेल्या. बाहेर यायला वेळ लागला. “माझ्या वडिलांचं,” म्हणाल्या. त्यांचे वडील आजीच्याही आधी गेले.

काका हसायला लागले, छातीवर हात ठेवून, बेताने. काकू हसल्या नाहीत. रंगाच्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, “माझी सही एकच आहे, साधी. मला काठी लागत नाही. पण त्या रांगेत माझ्याबरोबर कुणीतरी उभं राहायला हवं. ओळ तशीच राहू दे. ती तुम्हीच भरायची, घरी आल्यावर.”

काकांनी ब्रश धुऊन उभा वाळत ठेवला.