भाऊबिजेची दुनळी

ही घटना मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. गणेश मंडळांच्या बैठकीत सांगितली, शाळांच्या स्नेहसंमेलनात सांगितली, व्याह्यांकडे जेवणं झाल्यावर सांगितली. दर वेळी लोक पोट धरून हसले. फक्त मी सांगत होतो तशी ती घडली नव्हती. घडली तशी सांगायचं मी टाळत आलो. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, म्हणून एकदाची लिहून टाकतो. नाव कुणाचंच देत नाही.

त्या वेळी मी जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. येडगाव धरणाच्या बाजूला एका बाईंची शेती होती. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार, महिन्यातून एकदा घरी यायचा. शेत बाई आणि त्यांचे सासरे बघायचे. भुईमूग भरात आला की रानडुकरं रात्रीतून वाफेच्या वाफे उकरून टाकायची. बाईंनी पीक संरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. त्याची चौकशी आमच्याकडे आली.

बाई ठाण्यात आल्या तेव्हा ठाणे अंमलदाराने विचारलं, "बंदूक तुमाला पायजे का सासऱ्याला?"

बाई म्हणाल्या, "सासऱ्याला रातचं दिसत न्हाई आन नवऱ्याला सुट्टी न्हाई. डुकरं काय दोघांची वाट बघत्यात व्हय?"

मी चौकशी अहवाल अनुकूल पाठवला. शिस्तीचं बाईंना सगळं शिकवलं. घरात बंदूक रिकामी ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलुपात. चालताना ती मधून उघडून कोपरावर आडवी घ्यायची, म्हणजे समोरच्याला दुरूनच कळतं की आत काही नाही. बहुतेक वेळा हवेत बार काढला तरी डुकरं पळतात. उसात बिबट्या दिसला तर बंदूक खाली आणि दार बंद. बाई एकदा सांगितलेलं विसरत नसत.

परवाना मिळाल्यावर त्या सासऱ्यांना घेऊन पुन्हा आल्या. "सायेब, आमच्या सात पिढ्यांत कुनी बंदूक घेतली न्हाई. दुकानदार काय बी गळ्यात मारंल. तुमी संग चला."

मला पुण्यात कोर्टाचं काम होतंच. गेलो.

त्या दुकानात काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

दुकानदाराने काउंटरवर दोन बारा बोअरच्या बंदुका ठेवल्या. एक साधी एकनळी, कुठलीही नक्षी नसलेली, हलकी. दुसरी दुनळी. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, गडद अक्रोडाचा होता. पॉलिश असं की त्यात दुकानातली ट्यूबलाइट दिसत होती. बाजूच्या पोलादी पट्टीवर पानाफुलांची कोरीव नक्षी. आयुष्यभर मी सरकारी हत्यारं हाताळली, नंबर टाकलेली, तेलकट, सगळी एकसारखी. अशी बंदूक आपली असावी असं मला तरुणपणापासून वाटायचं. ते मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

बाईंनी एकनळी उचलून खांद्याला लावली. गाल बरोबर दस्त्यावर टेकला, डोळा नळीच्या रेषेत आला. नवशिक्याची पहिली बंदूक पारखायची ती अशीच. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि उघडायचे. नजर सरळ नळीवरून जात असेल तर बंदूक तुमची. हे मी शिपायांना शिकवत आलो होतो.

"ही हाताला बरी वाटती, सायेब," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "अहो, एकच बार. तो चुकला तर डुक्कर थांबणार आहे का तुमच्यासाठी? दुसरी नळी हवीच."

बाईंनी दुनळी उचलली. बाई अंगाने लहानखुऱ्या. दस्ता काखेशी अडला, मान पुढे ताणावी लागली. "लांब पडतीया," त्या म्हणाल्या.

"सवय होते," मी म्हणालो.

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा दुनळीकडे पाहिलं. "सायेब म्हंत्यात तर घे. त्यांना कळतं त्यातलं."

घेतली. येताना गाडीत ती माझ्याच मांडीवर होती.

त्यानंतर दिवाळी आली. भाऊबिजेच्या दुपारी ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"सायेब, मी महाळुंगे पडवळवरनं बोलतोय. तुमच्या येडगावच्या बाईची बंदूक हितं सुताराच्या पडवीत कापत्यात. करवतीचा आवाज येतोय. लवकर या राव, न्हाईतर दिवाळी व्हईल गावाची."

मी खुर्चीतून उठलोच. नळी कापून आखूड केलेली बंदूक कपड्याखाली लपते. शेतकऱ्याला तिचा उपयोग शून्य. तिचं गिऱ्हाईक दरोडेखोर. नळी कापणं हा गंभीर गुन्हा. परवाना जाणार, बाई आत जाणार, आणि चौकशी अहवालावर सही माझी.

आधी येडगावला गेलो. सासरे ओट्यावर बसून शेव खात होते.

"बंदूक कुठे आहे?"

"माहेराला गेलीय."

"सून?"

"ती बी गेलीय. भाऊबीज हाय न्हवं." ते शांतपणे म्हणाले. "काल गोधडीत गुंडाळली आन एस्टीत बसली. कंडक्टर म्हनला, आजीला झोपवलंय का काय आत? बसा सायेब, चकली घ्या."

"बंदूक माहेरी कशाला?"

म्हाताऱ्याने शेवेची ताटली बाजूला सारली. मग डोळे मिचकावत म्हणाला, "ते मला सांगायचं न्हाई. पर एक सांगतो. पैल्यांदा बार काढला तवा सून बंदूक उडवती का बंदूक सुनंला, तेच कळंना."

मला त्यातलं काही कळलं नाही. मला तेव्हा फक्त कापलेली नळी दिसत होती.

बाईंचं माहेर आंबेगाव तालुक्यात, आमच्या हद्दीबाहेर. तिथल्या ठाण्याला कळवून त्यांचा एक हवालदार सोबत घेतला आणि महाळुंगे पडवळला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सुताराच्या दारात रांगोळी, पणत्या, पडवीत ताजा भुसा. सुतार पन्नाशीचा, नवा सदरा घातलेला, कपाळावर ओवाळल्याचं कुंकू. बाईंचा तो सख्खा भाऊ नव्हता. एकाच आळीत वाढलेले. बाई लहानपणापासून त्याला ओवाळायच्या. आपल्याकडे हे नातं सख्ख्याहून कडक असतं, याचा अनुभव मला पुढच्या अर्ध्या तासात आला.

"आज काय कापलंस?"

"लाकूड."

"कसलं?"

"सायेब, मी सुतार. लोखंड कापाया लोहाराकडं जात्यात."

हवालदार खेकसला, "सरळ बोल. बंदूक आली होती का नव्हती?"

"ताई आली व्हती. ताईसंग काय आलं ते ताईला इचारा."

"ओवाळणी काय घातलीस?" मी विचारलं. चौकशीत माणूस अडला की रस्ता बदलायचा असतो.

तो जरा लाजला. "काम करून दिलं. पैशापरीस तेच पायजे म्हनली."

"कसलं काम?"

सुताराने हात जोडले. "न्हाई सांगता येनार. ताईनं शपथ घातलीया. म्हनली, कुनाला बी सांग, पर आमच्या सायबाला कळू द्यायचं न्हाई."

हवालदाराने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पोलिसांपासून लपवा, असं आरोपीच सांगतोय, आणखी काय हवं? त्याने बेडी काढलीसुद्धा. आतून सुताराची बायको फराळाचं ताट घेऊन आली होती. बेडी बघून ती ताटासकट दारातच थांबली.

मी वळलो आणि माझी नजर उंबऱ्याकडे गेली. तिथली एक पणती बाकीच्यांपेक्षा उंचावर होती. तिच्याखाली लाकडाचा तुकडा होता. येताना मी त्याला ओलांडूनच आत आलो होतो. पणती बाजूला करून तो उचलला. तीन बोटं जाड, लांबट, एका बाजूने किंचित आत वळलेला. कडेला गडद अक्रोडी पॉलिश, त्यात पणतीची ज्योत दिसत होती.

ते पॉलिश मी ओळखलं. पुण्याहून येडगावापर्यंत त्यावरून हात फिरवत आलो होतो.

नळी नव्हे, दस्ता कापला होता. पुढून नाही, मागून.

तेवढ्यात बोळातून बाई आल्या. जीप आल्याचं कुणीतरी सांगितलं असावं. अंगावर नवी साडी, आणि बंदूक मधून उघडून कोपरावर आडवी, अगदी मी शिकवली तशी.

"त्याला सोडा, सायेब," त्या म्हणाल्या. "कापली मी. म्हंजे कापाया लावली. पर मागून."

मी नळ्या टेप लावून मोजल्या. पूर्ण होत्या. मग बाईंना बंदूक खांद्याला लावायला सांगितली. गाल टेकला, डोळा रेषेत आला. दोन इंच लाकूड गेल्यावर ती बंदूक बाईंची झाली होती.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

बाईंनी पदर थोडा सरकवून खांद्याची कड दाखवली. जांभळी पडली होती. "पैल्या बाराला भुईमुगात बसले मी. दुसऱ्याला लोळले. डुकरं हसत गेली असतील. पर तुमी एवढ्या हौसंनं निवडलेली. कसं सांगायचं? म्हटलं, आपल्या मानसाकडून गुपचूप करून घ्यावं."

हवालदार आधी फिसकन हसला. मग सुतार, मग त्याची बायको, मग मी. पडवीत हसण्याचा नुसता धुमाकूळ झाला. बेडी पुन्हा पिशवीत गेली आणि ताट पुढे आलं. त्या दिवाळीचा सगळ्यात चांगला फराळ मी संशयिताच्या घरी केला. उठताना बाईंनी मलाही ओवाळलं. मी खिसे चाचपले तर म्हणाल्या, "राहू द्या. परवाना तेवढा राहू द्या म्हंजे झालं."

परवान्याचा प्रश्न होताच. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची असते. सुताराच्या हाती ती देणं नियमाविरुद्ध. वरिष्ठांना सांगणं भाग होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "बाईने मुळात एवढी लांब बंदूक घेतली कशी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, बायकांचं काय, साडी घ्यावी तशी घेतली. नक्षी बघून."

साहेब खो खो हसले. बाईंना समज द्या म्हणाले. परवाना राहिला.

मी खरं सांगितलं असतं तरी तो राहिला असता. साहेब मला चार शब्द बोलले असते, इतकंच. पण हशा मिळाला आणि मी ती गोष्ट तशीच सांगत सुटलो. एकदा गणेशोत्सवाच्या शांतता समितीत सांगितली. भरली सभा हसली. मागच्या रांगेत त्या बाई बसलेल्या होत्या हे मला नंतर दिसलं. त्याही हसत होत्या. सभा संपल्यावर जवळ आल्या, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, "यंदा डुकरांनी वाफ्याला तोंड लावलं न्हाई, सायेब."

नोकरीत मी कितीतरी लोकांकडून खरं काढून घेतलं. माणूस खोटं बहुतेक भीतीपोटी बोलतो, असं मी समजत होतो. मी बोललो ते कशाला भिऊन नाही. गोष्ट अशी सांगितली की मी त्यात शहाणा दिसत होतो, म्हणून.

गेल्या वर्षी बाईंचा फोन आला. त्यांच्या सुनेलाही परवाना मिळाला होता. "सायेब, बंदूक घ्याया पुण्याला जायचंय. तुमी चला की."

मी ओतूरच्या घरून एसटीने नारायणगावला उतरलो. सुनेने गाडी आणली होती. पुण्यापर्यंत मी एक वाक्य मनात जुळवत होतो.

दुकान तेच होतं, दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर आलेला. त्याने तीन बंदुका मांडल्या. त्यांतली एक पाहून माझा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी तो बघितला.

"सायेब, तुमी हितं खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला तुमी नुसता चहा प्यायचा."

मी हात मांडीवर ठेवला. सुनेने डोळे मिटून एकेक बंदूक खांद्याला लावली. हे तिला सासूने शिकवलं होतं. तिसरी लावून डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, हीच." एकनळी होती, साधी.

मुलाने कौतुकाने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे कोणती आहे?"

"दुनळी," बाई म्हणाल्या. "मी काय येडी तवा. साडी घ्यावी तशी नक्षी बघून घेतली." सगळे हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधूनही सापडला नाही.

मी म्हणालो, "ताई, तसं नाही. ती तर…"

"चहा घ्या, सायेब. गार व्हतोय."

बंदूक मी निवडली होती ताई, खांदा तुमचा होता, माफ करा. एवढंच वाक्य होतं. ते मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं.