केंजीपाशी कोण बसलं?

"मॅम, नवव्या भागात केंजी उठतो."

"कुठून उठतो?" मी विचारलं. "मेलाय ना तो? चौथ्या भागातच मेलाय."

"मेलेला नसतोच. तोच मेन व्हिलन आहे."

फोनवर मुंबईहून तन्वी होती, आमच्या क्लायंटची प्रोड्युसर. वयानं माझ्या मुलीएवढी. बोलायला गोड, आणि चिडली की आणखी गोड. त्या दिवशी तिचा आवाज फारच गोड झाला होता. मी काय ते समजले आणि हातातला चहा खाली ठेवला.

मी डबिंगच्या संहिता लिहिते. दुसऱ्या भाषेतली मालिका मराठीत बोलती करायची, हा धंदा. भाषांतर हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे चित्रातलं तोंड उघडलं की आपला शब्द उघडायचा, मिटलं की मिटायचा. याला लिप-सिंक म्हणतात. त्यापायी मी कित्येक चांगल्या वाक्यांचे गळे दाबले आहेत. राहते अमरावतीला, आणि काम असलं की बसनं अकोल्याला येते, इकबालभाईंच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली. भिंतींना फोम, एक काचेचा बूथ, एक कूलर. टेक सुरू झाला की कूलर बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून पाहा एकदा, म्हणजे डबिंगवाले चिडके का असतात ते कळेल.

इकबालभाई आधी बियाण्यांच्या आणि कीटकनाशकांच्या जाहिराती रेकॉर्ड करायचे, ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवायला. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत या जाहिराती फार चालल्या. मग स्वस्तात मराठी डब करून हवा म्हणून मुंबईचा हा क्लायंट मिळाला, आणि आमच्याकडे आली जपानी ॲनिमे. चित्रांची मालिका, पण पोराबाळांची नव्हे. बेटावरच्या एका बंद हॉटेलात अनोळखी माणसं कोंडलेली. मुखवटा घातलेला एक जण पडद्यावर येऊन सांगतो, रोज तुमच्यातला एक मरणार, मारणाराही तुमच्यातलाच, ओळखा नाहीतर मरा. याला डेथ गेम म्हणतात.

सुरुवात जबरदस्त होती. पहिले दोन भाग पाहून मी इकबालभाईंना म्हटलं, "हे असंच चाललं ना, तर आपलंही नाव होईल." तिसऱ्या भागापासून घसरगुंडी. माणूस मरायचा, बाकीचे त्याच्या खिशातली किल्ली काढायचे आणि कोडं सोडवायला पळायचे. कुणी रडत नाही, कुणी हाक मारत नाही. अरे, काल एका ताटात जेवलात ना रे त्याच्याबरोबर! मला राग यायचा. पण माझ्या रागाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून मी लिहीत राहिले.

या मालिकेत गोरो नावाचा एक आचारी होता. जाडा, भित्रा, सदा भुकेला. हसवायला ठेवलेला. क्लायंटचा हुकूम आला, गोरो वऱ्हाडी बोलेल. मराठीत कुणाला हसवायचं असलं की यांना आम्ही वऱ्हाडी लोक आठवतो. मी भांडले आणि हरले. गोरोला आवाज दिला प्रवीणनं.

प्रवीण पातूरकडचा. गणपतीत नकला करायचा, लोक पोट धरून हसायचे. एरवी दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. तो आणि त्याचा मोठा भाऊ गजू, दोघं पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायचे. आदल्या हंगामात कापूस माणसाच्या उंचीवर वाढला होता, फवारा तोंडावरच यायचा, आणि औषधं भलतीच जहाल आली होती. फवारताना गजूला विषबाधा झाली आणि तो दवाखान्यात गेला तो गेलाच. मग त्यांच्या आईनं प्रवीणला शपथ घातली, पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा नाही. म्हणून तो स्टुडिओत आला. हे काम सुटलं तर त्याच्यापुढं तोच पंप होता, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आता चौथ्या भागाकडे येते. केंजी नावाचा तरुण सरबत पितो आणि कोसळतो. सगळे जमतात, बघतात, निघून जातात. दार बंद होतं. पडद्यावर नुसतं दार, आणि दूर जाणारे पाय ऐकू येतात. तेवढ्यात गोरोचं एक वाक्य आहे, "मला तर भूक लागली, चला जेवायला." हे वाक्य ऑफ-स्क्रीन, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. अशा जागी लिप-सिंकची कटकट नसते.

प्रवीणच्या तोंडून ते वाक्य निघेना. टेकवर टेक वाया गेले. घामानं आम्ही सगळे भिजलेलो.

"काय झालं रे?" मी माइकवरून विचारलं.

"ताई, मयत पडली हाय अन् हा जेवाले चालला? आमच्याकडे मयत उचलल्याबिगर चूल पेटत नाई."

"अरे बाबा, कार्टून आहे ते."

"कार्टून त कार्टून. मानूसच दाखवला हाय ना?"

पुढच्या टेकला तो लिहिलेलं बोललाच नाही. पायांचे आवाज दूर जात होते आणि त्यावर तो हळूच म्हणाला, "तुमी व्हा समोर. मी बसतो याच्यापाशी."

इकबालभाईंनी मशीन थांबवलं नाही. वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, मय्यतले एकटं कोनी सोडते का? आमच्यात बी नाई सोडत. राहू द्या हेच."

मी राहू दिलं. विनोद इकडे चालत नसेल तर बदलायची मुभा डबिंगमध्ये असतेच. शिवाय पुढचा सीन थेट सकाळचा होता, त्यात गोरो डोळे चोळत येतो. रात्रभर जागला असेल, झालं! फिट्ट बसलं. क्यूसीमधूनही पास झालं. क्यूसी म्हणजे तपासणी. ते आवाज आणि सिंक तपासतात. अर्थ तपासायला तिथं कुणाला बसवलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र होती. शेवट फुटू नये म्हणून क्लायंट भाग तुकड्यातुकड्यानं पाठवायचा. पुढं काय आहे ते आम्हाला कळायचं नाही. आणि नवव्या भागात केंजी उठला.

तन्वीच्या त्या फोननंतर मी तो भाग इकबालभाईंसोबत पाहिला. मुखवटेवाला म्हणतो, मीच केंजी. त्या रात्री तुम्ही मला एकट्याला टाकून गेलात. दार बंद झालं आणि मी उठून कंट्रोल रूममध्ये गेलो. तुमच्यातला एक जरी माझ्यापाशी बसला असता, तर खेळ तिथंच संपला असता.

इकबालभाईंनी डोक्याला हात लावला. "या अल्ला! अन् आपला गोरो त रातभर तिथंच बसून व्हता. काय करून राह्यला व्हता मंग? घोरून राह्यला व्हता?"

मला आधी हसू आलं. सबंध मालिकेचं रहस्य एका खिळ्यावर टांगलेलं, मढ्यापाशी कोणी बसलं नाही या खिळ्यावर. आणि तो खिळाच आम्ही उपटला होता. पुण्या-मुंबईत कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण त्यांनी जे लिहिलंय तेच म्हटलं असतं.

पण मग मला सुचलं, आणि सुचल्यावर मी पेटलेच. या लेखकानं केवढी मोठी गोष्ट हातची घालवली होती! समजा, एक जण बसला. मेल्याचं सोंग घेतलेल्या त्या माणसाला रात्रभर निपचित पडून राहावं लागलं, आणि शेजारी एक भित्रा आचारी त्याच्यासाठी रडतोय. यापेक्षा मोठा डेथ गेम कोणता? नवव्या भागात केंजीच्या तोंडावर मुखवटाच होता, म्हणजे लिप-सिंकचा प्रश्न नाही. मी तिथंच बसून चार ओळी लिहिल्या. मुखवट्याचा आवाज इकबालभाईंचाच होता, मशीनमधून घोगरा केलेला. त्यांनी त्या ओळी म्हटल्या.

"सगळे गेले. गोरो बसला. माझा हात हातात घेऊन रात्रभर रडला. मला उठायचं होतं, पण उठवेना. तो तोंड धुवायला गेला तेव्हा मी पळालो, खेळासाठी नव्हे, लाजेनं."

आम्ही ते तन्वीला पाठवलं. तिचा फोन आला.

"मॅम, अंगावर काटा आला. खरंच. पण नाही."

"का नाही?"

"कथा जपानवाल्यांची आहे. आपण डब करतो, लिहीत नाही."

"त्यांच्यापेक्षा बरं झालंय, तन्वी."

"म्हणूनच नाही." मग ती आणखी गोड झाली. "ओरिजिनल लाइन हवी मॅम, उद्या. गोरोच्या आर्टिस्टला प्रॉब्लेम असेल तर गोरो आम्ही मुंबईत करून घेऊ. सगळे भाग."

दुसऱ्या दिवशी प्रवीण आला. गळ्यात ओला दुपट्टा, नेहमीसारखा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, पुन्हा चुलीबद्दल बोलेल. तो वेगळंच बोलला.

"ताई, दवाखान्यात गजूपाशी मीच व्हतो. माय घरी, वयनी बाळंतीन. दुसरं कोनी नोतं. मले लय भूक लागली. गजू झोपला व्हता, मनलं आलोच. गेटवर आलूबोंडा खाल्ला. एक खाल्ला, अन् चांगला लागला मनून अजून एक घेतला. आलो त खाटेवर दुसराच मानूस. गजू बाहेर व्हरांड्यात, स्ट्रेचरवर. तोंडावर माशा. कोनीच नोतं त्याच्यापाशी."

दुपट्ट्यानं तोंड पुसून तो म्हणाला, "मले भूक लागली व्हती ना."

इकबालभाई मशीनकडे तोंड करून बसले होते. त्यांची पाठ हलत होती.

"नको करू हे," मी म्हटलं. "मी तन्वीशी बोलते."

"काय बोलसान? गोरो मुंबईले गेला त मी कुठं जाऊ? पंप घेऊ पाठीवर?"

प्रवीण उठला आणि बूथमध्ये गेला. हेडफोन चढवला. इकबालभाईंनी कूलर बंद केला. पडद्यावर केंजी कोसळला, दार लागलं, पाय दूर जाऊ लागले.

"मले त भूक लागली बा! चाला जेवाले!"

पहिल्याच टेकला, आणि हुबेहूब क्लायंटला हवं तसं. गणपतीत नकला करायचा त्याच आवाजात, शेवटी पोटावर हात मारल्यासारखी लकब घेऊन. इकबालभाई वर न बघता "ओके" म्हणाले. प्रवीण बाहेर आला, माठातलं पाणी प्यायला आणि पुढच्या सीनची पानं मागितली. पाठवल्यावर तन्वीचा मेसेज आला, परफेक्ट, सो फनी. खाली हसरे चेहरे. त्या संध्याकाळी बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईनं मला बिस्किटं देऊ केली, तिला वाटलं माझं कुणी गेलं.

मालिका आली. फारशी कुणी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली त्यांनी खाली लिहिलं, माणूस मेला आणि एकही जण थांबला नाही, असं कुठं असतं का, लेखकाला काही डोकं? एकानं मराठी डबवाल्यांनाही शिव्या दिल्या, असल्या वेळी जेवणाचा विनोद कोणत्या मूर्खानं घातला म्हणून. मी तन्वीला ते पाठवलं. तिनं अंगठा पाठवला. दुसरा सीझन क्लायंटनं घेतला नाही, आणि अकोल्याचं काम बंद झालं. इकबालभाई पुन्हा बियाण्यांच्या जाहिरातींकडे वळले.

धंद्यातला धडा म्हणाल तर एकच. पहिला भाग लिहायच्या आधी शेवटचा भाग मागून घ्यायचा. देत नाहीत, तरी मागायचा. मी आता प्रत्येक कामाला मागते, आणि अजून कुणी दिलेला नाही.

श्रावणात इकबालभाईंना फोन केला, प्रवीणची चौकशी करायला.

"जाते फवारणीले," ते म्हणाले. "काय करीन तो ताई, दुसरं कामच नाई."

"आणि आईची शपथ?"

"मोडली. पन म्हातारी त्याच्या संगं जाते. तो फवारते अन् थे बांधावर बसून त्याच्याकडे पाह्यत राहते, दिवसभर. शेतवाले हासतात तिले."

"आणि जेवायला?"

"डबा नेते ना. तिथंच खातात दोघं. म्हातारी उठतच नाई तिथून."