गळ्यातली डबी

मास्तरांना गप्प बसवणं आयुष्यात कुणाला जमलं नाही. ते जमायचं फक्त एका छोट्या गोल डबीला. चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की फादर त्या डबीत आजारी माणसांसाठी ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकरीच्या पातळ चकत्या, देत. पांढऱ्या कापडी पिशवीतून ती डबी गळ्यात अडकवली की मास्तर मुके. शेवटच्या घरी पोचेपर्यंत रस्त्यात कुणाशी एक शब्द नाही. लाखनीच्या हायवेवरचा चहावाला बुद्धविहारात जाणारा, पण हा नियम त्यालाही पाठ होता. कुणी मास्तरांना हाक मारली तर तोच सांगायचा, "आज गळ्यात देव आहे त्यांच्या. सांजच्याले भेटा."

मी नागपूरहून इथल्या शाळेत बदलून आले, तेव्हा मास्तर निवृत्त झाले होते आणि त्यांचे गुडघेही. आमची कॅथलिक घरं इथे बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत स्कूटी माझीच. त्यामुळे रविवारची ही फेरी माझ्या गळ्यात पडली. जाताना मागे माणूस बसलाय की नाही ते आरशात पाहावं लागे. येताना तुंबलेलं सगळं बोलणं माझ्या पाठीवर मोकळं होई. कानात बोळे घालावेत असं मला अनेकदा वाटलं आहे.

लहान मुलांना धर्मशिक्षण तेच देत. एकदा एका मुलीनं विचारलं, "मास्तर, आपुन तं भात खातो. मंग देव गव्हाच्या भाकरीतून काहून येते?" मास्तर म्हणाले, "भात एकट्यानं खाता येते, बाई. भाकर तोडा लागते, अन् तोडली की कोनाले तरी द्या लागते." भातही वाटून खाता येतो, हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण मुलीचं समाधान झालं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

फेरीतलं शेवटचं घर त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. जोसेफभाऊ अर्धांगवायूनं खाटेवर होते. दोघांच्या बांधी, म्हणजे धानाची शेतं, एकमेकींना लागून, मधे हद्दीचा एक धुरा. तो धुरा कुणी कोरला यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते कित्येक वर्षं तुटलेलंच. मास्तर आत जात, डबी उघडत, "ख्रिस्ताचे शरीर" म्हणत. भाऊ "आमेन" म्हणत आणि तोंड उघडत. झालं. मला आधी ही भक्ती वाटली. मग ध्यानात आलं, की डबीचं मौन मास्तरांना तिथे भलतंच सोयीचं होतं. डबी रिकामी झाल्यावरही ते त्या घरात बोलत नसत. स्कूटी वळली की सुरू होत.

मग भाऊंना दुसरा झटका आला आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्या रविवारी मास्तरांनी नेहमीसारखी ओस्ती, ती भाकरीची चकती, हातात धरली, "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं. भाऊंनी ओठ मिटून घेतले. मास्तरांनी पुन्हा म्हटलं. भाऊ जड जिभेनं म्हणाले, "पहिले बोल, मंग दे."

वहिनी दारात थिजल्या. मी भिंतीकडे पाहत राहिले. जगातल्या कुठल्याही विषयावर तासभर बोलणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य सापडत नव्हतं. भाऊ असेच जातील आणि मास्तर असेच उभे राहतील, अशी मला खरोखर भीती वाटली.

शेवटी मास्तर म्हणाले, "भाऊ, अवंदा धान कसा आहे?"

"तुह्यापेक्षा बरा आहे," भाऊ म्हणाले, आणि तोंड उघडलं.

येताना मास्तर मागे रडत होते. बोलले काहीच नाहीत.

भाऊ पुढच्या आठवड्यात गेले. त्यानंतरच्या रविवारी चहाच्या टपरीशी मास्तरांनी मला थांबायला लावलं आणि गळ्यात डबी असताना चहावाल्याला विचारलं, "पोरगी कशी आहे तुही? ताप उतरला का?" तो बावरला. "मास्तर, आज देव नाही का गळ्यात?"

"आहे," मास्तर म्हणाले. "म्हनून तं इचारून राहिलो."

आता ती डबी माझ्या गळ्यात असते. मी मुळात कमी बोलणारी, पण टपरीशी थांबते. फेरीतलं शेवटचं घर काही महिने मास्तरांचंच होतं. त्यांनी खाट धरली होती. माझ्यासाठीही नियम तोच: आधी शाळेची, पावसापाण्याची खबर सांगायची, मगच ते तोंड उघडणार.

शेवटच्या रविवारी त्यांची वाचा गेली होती. कालपासून पाणीही घेत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. मी ओस्तीचा कण चमचाभर पाण्यात घातला, "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं. ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्यांदा म्हटलं. काही नाही. चमचा परत घ्यावा असं मनात आलं, आणि मग आठवलं.

"मास्तर," मी म्हटलं, "येताना भाऊंच्या बांधीवरून आले. धान चांगला आहे अवंदा. तुमच्यापेक्षा बरा."

त्यांनी तोंड उघडलं.