रोज एकच तारा

पावसाचा अंदाज सांगणाऱ्या आमच्या ॲपला केशोरीची एक आजी रोज एकच तारा द्यायची. सोबत बोलून पाठवलेला निरोप असायचा. आवाजावरून माणसाचा राग-लोभ ओळखणाऱ्या संगणकाने तिला 'अत्यंत नाराज' ठरवलं होतं. ॲपचं काय चुकतंय ते विचारायला मला पाठवलं.

आजी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, बसली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाईल काढून तिने तो पदराने पुसला.

"अंदाज चुकतो का, आजी?"

"नाही बापू. पानी येत नाही म्हनते, तं येतच नाही."

"मग एकच तारा?"

तिने पावसाअभावी रोवणीवाचून पिवळ्या पडलेल्या पऱ्ह्यांकडे, भाताच्या रोपांकडे, हात केला.

"तोच रोज इचारते ना, कसं वाटलं म्हनून. हे वाळून राहिले, अन् मी खोटं कायले सांगू?"

ॲपबद्दलचा प्रश्न तिने आपल्या दिवसाबद्दलचा समजला होता. मला काही दुरुस्त करून सांगवेना.

परतीच्या एसटीत माझ्या मोबाईलवर तिचा त्या दिवसाचा तारा आला. एकच. मी खिडकीतून निरभ्र आभाळाकडे पाहिलं. मीही एकच दिला असता.