थोरल्या जाऊबाईंचे कान

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी आणि माझी थोरली जाऊ पाथर्डीजवळ सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचो. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी; मी तिला आक्का म्हणायचे. एका सकाळी ती उठली तीच डावा कान धरून. "अगं, कान बंदच पडलाय. आत नुसतं घूं घूं करतंय."

आदल्या दिवशी खाणीत सुरुंग उडवले होते. मुकादम म्हणाला, आवाजानं कान बसलाय, उघडंल आपोआप. सासूबाईंनी लसूण टाकून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं. तिसऱ्या दिवशी उजवा कानही गेला. हाक ऐकू येईना म्हणून मी तिला दंड धरून बोलवायचे, तर तिथं निळे डाग उठायला लागले. मिसरी लावताना हिरड्यांतून रक्त यायचं. थकवा म्हणावा, तर त्या साली न थकलेलं कोण होतं? प्रत्येक गोष्टीला आमच्याजवळ कारण होतं.

आठवड्यानं थोरले दीर तिला नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, सोबतीला मी. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. कान स्वच्छ होते. मग पापणी खाली ओढली, पोट चाचपलं आणि रक्त तपासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोरच म्हणाले, "रक्ताचा कॅन्सर आहे."

दीर म्हणाले, "आवो, कान गेल्यात तिचं. रक्ताचं काय मधीच?"

"त्यामुळंच गेलेत. आतल्या कानात रक्त उतरलंय."

ती आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती.

रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पुढं इलाज नव्हता, घरी आणलं. तिला ऐकू येत नाही म्हणून सगळे तिच्यादेखत तिच्या मरणाचं बोलायचे. मीही बोलले असेन. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं.

"मी मरनार हाय का? मान तरी हलीव."

मी हलवली.

"बरं झालं सांगितलंस."

मग ती बराच वेळ बोलली. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं ओरडूनच. बाहेर बसलेल्या सासूबाईंना, दिरांना, शेजाऱ्यांनाही सगळं ऐकू गेलं. "ह्यांनी दुसरं लगीन करावं. पन माझी पोरगी तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तिला शाळंतनं काढू नगस."

पंधरवड्यात ती गेली. दिरांनी पुढच्या वर्षी लग्न केलं. पोरगी माझ्याकडंच वाढली. सातवी झाल्यावर मात्र मी तिला खुरपायला न्यायला लागले.