काढण्याआधी विचारा

आईने लिहिलेला कोड मी साफ करत होते तेव्हा आई आत स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला व्हायला नको.

आई निवृत्त इंजिनिअर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांवर काम करायची. प्रोग्राम मध्येच अडकला की तो कुठे अडकला, त्याला तिथे कुणी पाठवलं, हे दाखवणारं एक साधन असतं, डीबगर. आई आणि मी ज्यावर काम केलं तो डीबगर खुला आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पण प्रत्येक जातीच्या प्रोसेसरशी त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागते. आईच्या बोर्डांवरच्या प्रोसेसरची ओळख करून देणारी फाईल तिने लिहिली. पुढे कंपनी बंद पडली, फाईल मात्र राहिली. फाईलच्या डोक्यावर लेखक म्हणून आईचं नाव, आणि ती सांभाळणाऱ्यांच्या यादीतही तिचंच.

कळव्याच्या आमच्या चाळीतली ती पहिली इंजिनिअर. विहारात तिचा सत्कार झालेला. आजोबांनी त्या फाईलच्या पहिल्या पानाचं प्रिंटआउट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. त्यातलं त्यांना अवाक्षर कळत नव्हतं, पण मुलीचं नाव कुठल्या ओळीत आहे ते आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायचे.

मीही याच धंद्यात पडले. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीच्या घरात बसून मी त्याच डीबगरचं काम करते. यंदा आईची फाईल हातात घेतली. खरं सांगायचं तर ती वाचवत नव्हती. जागोजागी नुसते आकडे, दोन-दोन अक्षरी नावं, एकच हिशेब तीन ठिकाणी. लेबल नसलेल्या बरण्यांचं फडताळच ते. घरच्या बाईला कुठल्या बरणीत काय ते पाठ, पाहुणी मात्र चहात मीठ घालणार. मी आकड्यांना नावं दिली, तीन हिशेबांचा एक केला. काम चांगलं झालं होतं, यात मी खोटा विनय दाखवणार नाही.

एके ठिकाणी मात्र एक विचित्र अट होती. तिच्यावर इंग्रजीत एकच ओळ, ‘काढण्याआधी विचारा’, आणि पुढे आईची आद्याक्षरं. तिच्या ऑफिसची ती रीतच होती. काही वेडंवाकडं करावं लागलं की कारण लिहीत बसायचं नाही, ‘विचारा’ लिहून आद्याक्षरं टाकायची. माणूस पलीकडच्याच टेबलावर असायचं.

मी अट काढली. चाचण्या चालवल्या, त्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. सगळ्या पास. मग बदल मेलिंग लिस्टवर पाठवले. तिथे सगळ्यांसमोर तपासणी होते आणि लिहिलेलं कायमचं राहतं. तपासणाऱ्याने विचारलं, ‘इथे विचारा असं लिहिलंय. विचारलंत का? मूळ लेखकाशी संपर्क होऊ शकतो का?’

मी लिहिलं, ‘मूळ लेखकाशी संपर्क होऊ शकत नाही.’

यादीतला तिचा पत्ता बंद पडलेल्या कंपनीचा होता, त्यावर मेल गेलीच नसती. तेव्हा शब्दाला धरून बघितलं तर ते खोटं नव्हतं. अशी मी स्वतःची समजूत घातली. आतून आईने हाक मारली, "अगं, भाकरी की पोळी?" मी म्हटलं, "भाकरी," आणि मेल पाठवून दिली.

का केलं? आईला दाखवलं असतं तर तिने प्रत्येक ओळीला ‘हे का?’ विचारलं असतं. शाळेत माझी गणितं ती अशीच तपासायची. मी चाळिशीला आलेली बाई, तिच्या ‘हे का?’ला घाबरले. आणि दुसरं, जे कबूल करायला जास्त जड जातं, त्या लिस्टवर मला कुणाचीही मुलगी व्हायचं नव्हतं.

लेखक सापडत नसला की त्याचं नाव सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढून ‘पूर्वीचे’ या यादीत टाकायचं, हा तिथला शिरस्ता. माझे बदल स्वीकारले गेले, आईचं नाव खाली गेलं आणि त्या जागी माझं आलं. मी ते बघितलं आणि जेवायला बसले. भाकरीचा एकच तुकडा ताटात फिरवत राहिले. आई म्हणाली, "मीठ कमी पडलं का गं?"

पुढच्या रविवारी लिस्टवर एका अनोळखी पत्त्यावरून मेल आली. ‘मी या फाईलची मूळ लेखक. या चिपच्या पहिल्या आवृत्तीत, चालू काम तोडून तातडीचं काम घुसलं की मूळ कामाकडे परतीचा पत्ता नेहमीच्या जागेऐवजी एक घर पुढे ठेवला जातो. नकलेत हा दोष नाही, म्हणून चाचणीत तो दिसणार नाही. अट काढली तर डीबगर चुकीचं उत्तर देईल, तेही बेधडक. बाकीचे सगळे बदल मी लिहिलं होतं त्याहून चांगले आहेत.’ वर माझं पूर्ण नाव घालून, परक्या माणसाला मानतात तसे माझे आभार मानलेले.

आई समोरच सोफ्यावर होती, चष्मा नाकावर, हातात फोन. लोक दुपारी फॉरवर्ड वाचतात तशी ती लिस्ट वाचते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आई, तू मला बोलली का नाहीस?"

"पत्ता जुना झालेला ना माझा," ती म्हणाली. "नवीन कळवला."

मला रडूच आलं. म्हटलं, "चुकलं माझं."

"तुला मी नको होते, का माझे प्रश्न नको होते?"

"प्रश्न," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं, आणि मला वाटतं तिला ते कळलं.

"मग तेवढं तरी लिहायचंस. बाई जिवंत आहे, फक्त डोकं खाते."

तिच्याशेजारी बसून मी अट परत घातली. कारण तिने सांगितलं, मी लिहिलं. तीन ओळींत मावलं. तिचं नाव पुन्हा वरच्या यादीत घालते म्हटलं, तर म्हणाली, "नको. तू बदललंस, तू सांभाळ. पहिल्या पानावर आहे ना माझं? माझ्या बाबांनी तेच लावलेलं."

जुनी ओळ मी तशीच ठेवली होती. ‘काढण्याआधी विचारा’, आणि तिची आद्याक्षरं. आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ती ओळ पुसली.

"अगं, ती कशाला काढलीस?"

"कारण लिहिलंय ना आता? मग विचारायचं कशाला?"

तिचं बरोबर होतं. तपासणाऱ्यानेही तेच सांगितलं असतं. फाईल आता स्वच्छ आहे, जगात कुणीही उघडावी आणि त्याला कळावी. आईला येऊन काही विचारावं लागेल अशी एकही जागा मी तिच्यात ठेवलेली नाही.