दंडावरचा पट्टा

माझी ताई तीस वर्षं कपडे शिवतेय. छातीतली गाठ काढल्यापासून तिचा उजवा हात सुजू लागला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आतून कातडीला टेकणारे चार चकचकीत ठिपके. हातात आणखी पाणी साठू लागलं की वाढलेली सूज डोळ्यांना दिसण्याआधीच ते ओळखणार आणि माझ्या फोनवर आकडा येणार; पाणी जास्त तितका आकडा मोठा.

"वेळीच कळलं तर हात वाचेल," नर्सबाई म्हणाल्या. "उशीर झाला तर जड तो जडच."

दुपारी खिडकीतलं ऊन कापडावर पसरायचं, मशीन थांबायचं आणि ताई डोळे मिटून पुटपुटायची, "माझ्या हातात तळं झालंय गं. कुणीतरी पाय सोडून बसलंय."

"बसू दे की! तू हात उशीवर ठेव आधी," मी डाफरायची. पण आवाज न करता तिच्याशेजारी मीही पेंगायची. आकडे छान कमी येत होते, मला कसली काळजी?

आठव्या दिवशी सहज तिचा दंड दाबला. बोटाचा खळगा पडला तो भरेचना. पट्टा पाहिला, तर त्याची शिवण उसवून बारीक टाक्यांनी पुन्हा घातलेली.

"काचत होता," ताई म्हणाली. "बोटभर सैल केला. बाही कधी अंगाला आवळून शिवतात का?"

माझं डोकंच फिरलं. "अगं, बाही आहे का ती? टेकलाच नाही तर पाणी मोजणार कसं, कपाळ?"

ताईचा चेहरा एवढासा झाला.

दवाखान्यात नर्सबाईंनी पट्टा नीट बसवला आणि आकडा भसकन वर गेला. त्या म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. पण तीन महिने या हाताने शिवायचं नाही."

घरी आल्यावर ताईने डाव्या हातात दोरा घेतला, सुई उशीत खोचली. दोरा नेढ्याशी जाऊन वाकायचा. मी सुई ओढायला गेले.

"हात लावू नकोस. तू फक्त माझा हा हात वर धरून बस."

धरला. बाई गं, केवढा जड होता! आठ दिवस ती एकटीच तो उचलत होती, आणि मी फोन बघून खूश होते. मला रडू आवरेना.

"हलवू नकोस," ताई म्हणाली आणि पुन्हा दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं.